सुरतेच्या ऐकीव गोष्टी

'काशीनुं मरण ने सुरतनुं जमण' ही म्हण मी ऐकली ती सुरतेतच, तिसऱ्यांदा पानात उंधियूं पडत असताना. मरावं काशीत आणि जेवावं सुरतेत! आपल्या गोव्याविषयीही पोर्तुगीज अमदानीत म्हणत असत की, ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही. शहर श्रीमंत झालं की त्याच्या नावाने अशी एखादी म्हण निघतेच.

एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मित्राचे सासरे ऐंशीच्या पुढचे, त्यांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो. गुजराती-हिंदी मिसळून बोलायचे. मी गोव्याचा पण घरात मराठी बोलणारा, हे कळताच मिस्कील हसून म्हणाले, "तमारा शिवाजी महाराज अमारे त्यां बे वार आव्या हता!"

मीही हसलो, पण जरा ओशाळून. पेडण्याच्या आमच्या घरात आजी सुरतेची लूट सांगायची ती सणासारखी. घोड्यांवर लादलेल्या थैल्या, मोत्यांच्या माळा, औरंगजेबाची झालेली फजिती... काकांच्या घरात तीच गोष्ट दाराच्या आतून सांगितलेली होती. मराठे येत असल्याची नुसती आवई उठली की बायका डागिने विहिरीत टाकत आणि लोक पोरांना काखोटीला मारून होडीने तापीपार पळत, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं.

माझी नोकरी कारकुनाची. कुठलाही कागद समोर आला की तो कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिला हे आधी पाहायची खोड लागली आहे. घरी परतल्यावर तीच खोड ऐकीव गोष्टींना लावून पाहिली. कॉलेजात असताना वाचलेली इतिहासाची पुस्तकं पुन्हा काढली.

पहिली लूट १६६४ च्या जानेवारीतली. महाराजांचा तळ शहराबाहेर बुऱ्हाणपूर दरवाज्यापाशी पडला. सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. चार दिवसांत कोटभर रुपयांच्या आसपास ऐवज मराठ्यांच्या हाती लागला, असा सर जदुनाथ सरकारांचा अंदाज आहे. दुसरी लूट १६७० च्या ऑक्टोबरातली. पण काकांच्या आजोबांची गोष्ट खरी ठरते ती या दोन लुटींच्या दिवसांत नव्हे, तर त्यानंतरच्या वर्षांत. १६७० नंतरचं दशकभर 'आले, आले' एवढी हूल उठली तरी सुरत रिकामी होत असे. मराठे आलेलेच नसत. बाजार मात्र बंद पडत, व्यापारी माल घेऊन पळत. दोन लुटींनी जेवढं नुकसान केलं, तेवढंच बहुधा या अफवांनी केलं असावं.

आता गोष्टी कशा तयार झाल्या ते पाहा. थेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ मध्ये, म्हणजे पहिल्या लुटीनंतर अवघ्या दोन वर्षांनी सुरतेला उतरला. तो लिहितो की शिवाजी स्वतः फकिराचा वेष घेऊन आधी शहरात हिंडून गेला होता. आपल्याकडे हीच कामगिरी बहिर्जी नाईकाच्या नावावर आहे. सभासदाच्या बखरीतही सुरतेची खबर आणणारा बहिर्जीच आहे. हेराचं काम हेराने केलं हे पटण्यासारखं आहे. पण लुटल्या गेलेल्या सुरतकराला ते पुरेसं वाटलं नसावं. ज्याने आपल्याला एवढं हादरवलं, तो स्वतः आपल्या दारावरून गेला असणार, आपण त्याला भिक्षाही घातली असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रांत तर आणखी पुढची मजल आहे. हा माणूस एकाच वेळी इतक्या ठिकाणी असल्याचं ऐकू येतं की त्याचं शरीर वाऱ्याचं असावं आणि त्याला पंख असावेत, असा सूर त्यांत आहे. वखारीत बसून कापडाच्या गाठी मोजणारी ही हिशेबी माणसं. पण त्यांच्या कागदावरही पंख उमटले!

दुसरी गोष्ट याच्या उलट जातीची. बर्निये हा फ्रेंच वैद्य-प्रवासी सांगतो की, लुटीत कापुचिन पंथाच्या फादर आंब्रोझच्या मठाला हात लावला गेला नाही. तसंच डचांच्या एका हिंदू दलालाचं घरही सोडून दिलं गेलं. दलाल तोवर वारला होता, पण हयातीत तो मोठा दानशूर होता असं महाराजांना कळलं, हे त्याचं कारण. ही हकीकत वाचली आणि मला काकांनी दाखवलेलं एक झाड आठवलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते मला तापीकाठी अश्विनीकुमारला घेऊन गेले होते. तिथे एक वड आहे, त्याला 'त्रण पाननो वड' म्हणतात. कर्णाचं दहन इथे झालं अशी सुरतेत श्रद्धा आहे. तापी ही सूर्याची मुलगी, कर्ण सूर्याचा मुलगा, म्हणजे बहिणीच्या काठावर भावाला अग्नी दिला. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा वाढदिवस करतात, तिला चुनडी वाहतात. ज्या गावाने महाभारतातला सर्वांत मोठा दाता आपल्या नदीकाठी आणला, त्या गावात 'दान करणाऱ्याचं घर वाचलं' ही हकीकत तोंडोतोंडी फिरली नसती तरच नवल. हकीकत खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण लुटीच्या शेकडो हकिकतींतून नेमकी हीच परक्या प्रवाशाच्या कानापर्यंत का पोचली, याचं उत्तर मला त्या वडाखाली सापडल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट आपल्या गोव्याची, म्हणून जरा सांभाळून सांगतो. मुरगावचा रहिवासी म्हणवणारा कॉस्मे द ग्वार्द याने पोर्तुगीजमध्ये शिवचरित्र लिहिलं. लिहिलं १६९५ मध्ये, लिस्बनला छापलं गेलं १७३० मध्ये. सभासदाची बखरही त्याच सुमाराची, १६९७ च्या आसपासची. म्हणजे जिंजीला बसून एक कारकून आणि गोव्यात एक पोर्तुगीज लेखक जवळजवळ एकाच वेळी एकाच माणसाचं चरित्र लिहीत होते. हा ग्वार्द एक वदंता नोंदवतो. काय, तर शिवाजी हा शहाजीचा मुलगाच नव्हे, वसईजवळच्या विराराच्या दों मानुएल द मेनेझिस या फिदाल्गूचा मुलगा! वाचून आपलं रक्त तापतं, पण क्षणभर थांबून पाहावं. ज्याच्या पराक्रमापुढे आपलं काही चालत नाही, तो मुळात आपलाच होता असं म्हटलं की हार जरा हलकी होते. शिवीपेक्षा त्यात हेवाच जास्त आहे.

अशीच समजूत १६८३ ची. संभाजीराजांनी जुवें बेट घेतलं तेव्हा विरजई कोंद द आल्व्होर याने सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला आणि गोवा वाचला, असं ख्रिस्ती गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. इतिहास सांगतो की मुघल शाहजादा शाहआलमची फौज चालून येत होती, म्हणून संभाजीराजांना परतावं लागलं. पण त्या रात्री पेटीपाशी गुडघे टेकणाऱ्यांना शाहआलम दिसत नव्हता. त्यांची भीती खरी होती, आणि तिची नोंद त्या गोष्टीने ठेवली.

आणखी एक गंमत. सुरतेचा किल्ला, ज्यात इनायतखान लपला, तो खुदावंदखानाने १५४० च्या दशकात बांधला तो मुख्यतः पोर्तुगीजांच्या धाकाने. १५३० मध्ये आंतोनियो द सिल्व्हेराने सुरत जाळली होती. म्हणजे मराठ्यांच्या आधी सुरतेची झोप उडवली ती गोव्याहून राज्य करणाऱ्यांनी! हे मी काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोन्हीकडून पाहुणे."

मग मी त्यांना बर्नियेची दलालाची हकीकत सांगितली. आणि मनाला न पटणारी दुसरीही सांगितली. इनायतखानाने बोलणी करायच्या मिषाने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर उगारला, त्यानंतर छावणीतल्या कित्येक कैद्यांचे हात तोडले गेले. इंग्रजांचा अँथनी स्मिथ तिथे कैदेत होता, त्याने ते पाहिलं. आजीच्या गोष्टीत हे कधीच नव्हतं. सांगताना माझा आवाज जरा अडखळला, खोटं कशाला बोलू.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "हात तोडल्याचं तुमच्या शाळेत शिकवतात?"

"नाही," मी म्हटलं.

"ते दलालाचं घर वाचल्याचं आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "आता मी सांगीन. पोरांना."

माझा मुलगा यंदा आठवीत आहे. सुरतेची लूट त्याला मी आजीच्याच तालात सांगितली होती. परवा रात्री जेवताना पुन्हा सांगितली, या वेळी विहिरीत पडलेल्या डागिन्यांसह आणि तोडलेल्या हातांसह. त्याने हात धुता धुता विचारलं, "मग महाराज चांगले की वाईट?" मी म्हटलं, "हे काकांकडे जाऊन विचारू या एकदा." येत्या सुट्टीत त्याला सुरतेला न्यायचं ठरवलं आहे. तापीकाठचा किल्ला दाखवायचा आहे आणि कर्णाचा वडही.

असो. उंधियूं मात्र हिवाळ्यातच मिळतो, तेवढं पाहून सुट्टी टाकावी लागेल.