रेल्वेची इंधन व साहित्य खरेदी

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मीटरगेज मार्ग म्हणून सुरू झाला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे त्यावरील प्रमुख स्थानक होय. या मार्गावर कोळसा, डिझेल आणि वीज ही इंधने क्रमाने आली व प्रत्येकाबरोबर खरेदीची रीतही पालटली.

कोळसा : निजाम सरकारने १ एप्रिल १९३० रोजी ही रेल्वे आपल्या मालकीची केली. सिंगरेणीच्या खाणी संस्थानातच असल्याने कोळसा जवळचा होता. मात्र खाणीकडील मार्ग ब्रॉडगेज असल्याने मराठवाड्याकडे येणारा कोळसा वाटेत वाघिणी बदलून भरावा लागे. वाहतूक, हाताळणी, भुकटी व चोरी यांमुळे इंजिनापर्यंत पोहोचलेल्या कोळशाची किंमत खाणीवरील दरापेक्षा वेगळीच पडे.

डिझेल : रेल्वेसाठी डिझेलची खरेदी सार्वजनिक तेल कंपन्यांशी होणाऱ्या दरकरारांद्वारे केली जाते आणि साठा रेल्वेच्या इंधन केंद्रांतील टाक्यांत ठेवला जातो. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल बाजारभावाने विकले जाऊ लागले. या दरवाढीचा बोजा रेल्वेवर आला आणि त्याच वर्षी मालवाहतुकीचे भाडे इंधनखर्चाशी जोडण्यात आले.

वीज : जालन्यापर्यंतच्या विद्युतीकरणानंतर ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. वीज टाकीत साठवता येत नाही. त्यामुळे रेल्वे वीजनिर्मिती कंपन्यांशी आगाऊ करार करते. २०१५ पासून महाराष्ट्रात दाभोळच्या प्रकल्पातून अशी थेट खरेदी सुरू झाली. दिवसाची गरज पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत आधी कळवावी लागते. अंदाज चुकल्यास जादा आकार पडतो.

साहित्य : छत्रपती संभाजीनगर स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. विभागाच्या अधिकारमर्यादेपलीकडील खरेदी सिकंदराबादच्या मुख्यालयाकडे जाते. वापरकर्ता विभाग मागणी नोंदवतो, ऑनलाइन निविदा निघते आणि मोठ्या खरेदीत तांत्रिक, भांडार व वित्त विभागांच्या अधिकाऱ्यांची समिती दर तपासते. ब्रेकसारखे सुरक्षिततेशी निगडित सुटे भाग मान्यताप्राप्त पुरवठादारांकडूनच घेतले जातात. तेथे सर्वांत कमी दर हा एकमेव निकष नसतो. पुरवठा झाल्यावर तपासणी होते, मगच देयक मंजूर होते.

साठा जास्त ठेवला तर सार्वजनिक पैसा अडकून पडतो. कमी ठेवला तर एका सुट्या भागाअभावी इंजिन उभे राहते. या दोहोंचा मेळ घालणे हे खरेदी अधिकाऱ्याचे मुख्य काम. विद्युतीकरणानंतरही ते संपत नाही. वीजवाहक तार तुटली, तर दुरुस्तीची गाडी आणि अडकलेली गाडी ओढणारे इंजिन डिझेलवरच चालते. म्हणून डिझेलचा वापर घटला तरी त्याचा काही साठा राखून ठेवावाच लागतो.