भूकंपानंतरची प्रतवारी

दोष ज्याला दिसतो आणि दोष ज्याला दुरुस्त करता येतो, ती माणसे बहुधा वेगवेगळी असतात. संगणकाचे सॉफ्टवेअर जेथे तयार होते तेथे हा भेद नित्याचा आहे. परीक्षक चुका हुडकून काढतो, रचनाकार त्या निस्तरतो, आणि कोणती चूक आधी हाती घ्यावयाची हे उभयतांना एकत्र बसून ठरवावे लागते. ही प्रतवारी मूळची रणांगणावरील होय. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य लॅरे याने जखमी शिपायांचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेच्या गांभीर्यावरून लावला. दोष शोधणारे व दुरुस्त करणारे यांचा मेळ घालण्याची एक फार मोठी कसोटी मराठवाड्यातही लागली. तेथे सदोष ठरली होती ती माणसांची राहती घरे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हा टापू हादरला. धक्का नांदेड-सोलापूरकडेही जाणवला. भूकंपाचे परिमाण सुमारे ६.२ होते, तथापि जवळजवळ आठ हजार माणसे प्राणास मुकली. याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ही घरे उन्हाळ्यात थंड राहत. परंतु भिंतीचा आतला व बाहेरचा पदर यांना सांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच असत. हादऱ्यासरशी पदर सुटले, आणि दगडमातीचा ढीग निजलेल्यांवर कोसळला. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभाच राहिला होता.

पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि गावांची तीन वर्गांत विभागणी केली. अत्यंत उद्ध्वस्त अशी ५२ गावे नव्या जागी वसवावयाची. २२ गावे आहे त्याच जागी पुन्हा बांधावयाची. आणि उरलेल्या दोन हजारांहून अधिक गावांतील सुमारे दोन लाख घरे दुरुस्त व मजबूत करावयाची, असे ठरले. पहिल्या दोन वर्गांत निवाडा सोपा होता, कारण तेथे नाश उघड्या डोळ्यांना दिसत होता. खरी अडचण उद्भवली ती तिसऱ्या वर्गात.

तेथे भिंत उभी होती, पण तिला तडा गेला होता. तो तडा केवळ गिलाव्याचा की भिंतीच्या गाभ्याचा, हे अभियंता पाहू शके. घरधन्याला मात्र त्या तड्याखाली रात्री लेकरे निजवावयाची होती. त्याच्या लेखी लहान तडा असा नव्हताच. त्यातून साहाय्याची रक्कम नुकसानीच्या प्रतीवर अवलंबून होती. कमी नुकसानीस १७ हजार रुपये, अधिक नुकसानीस ३४ हजार. त्यामुळे प्रतीचा प्रत्येक निर्णय हा पैशाचाही निर्णय झाला, आणि वादास तोंड फुटले. लाभार्थींच्या याद्या गावापुढे वाचून आक्षेप ऐकणे त्यामुळे आवश्यक ठरले. चार भिंतींआड केलेली प्रतवारी शास्त्रशुद्ध असली तरी ती कोणी मान्य केली नसती.

या कामी सर्वांत उपयोगी पडली ती मधली व्यक्ती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांतील महिला मंडळांच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घरोघर जाऊन पुढचा हप्ता कोणत्या कामानंतर मिळेल हे त्या सांगत, आणि घरमालकाचे गाऱ्हाणे अभियंत्याला कळेल अशा रीतीने त्याच्यापुढे मांडत. ज्या स्त्रियांना गावसभेत बसण्याचाही सराव नव्हता, त्या भिंतीची बांधणी पारखू लागल्या.

तरीही एका गोष्टीत हा मेळ जमला नाही. अभियंत्यांचे म्हणणे असे की, दोष दगडाचा नसून सांध्याचा आहे. भिंतीत काँक्रीटचे आरपार सांधे घालावेत, वरून पट्टा बांधावा, खांब-तुळयांच्या सांगाड्याला तिरके आधार द्यावेत आणि माळवदाची माती कमी करावी, म्हणजे जुने घर सुरक्षित होईल. परंतु ज्यांनी आप्तांना दगडांखालून उकरून काढले, त्यांचा दगडावरील विश्वास कायमचा उडाला होता. बहुसंख्य कुटुंबांनी मिळालेल्या पैशातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुने घर शेजारी तसेच, दुरुस्तीवाचून उभे राहिले, आणि पुष्कळांचा वावर त्यात चालूच राहिला. नोंदवहीत काम पुरे झाले. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहिला.

याचा ठपका एकट्या घरमालकावर किंवा एकट्या अभियंत्यावर ठेवता येणार नाही. घरमालकाची भीती अनुभवाची होती, आणि अभियंत्याचे निदानही खरे होते. पण कोणते काम आधी, कोणते मागाहून, हे ठरविण्यापूर्वी दोष नेमका कशात आहे याविषयी दोघांचे एकमत व्हावयास हवे होते. ते घडवून आणण्यास अधिक वेळ आणि अधिक संवाद लागला असता. दोषाचे नाव चुकले की दुरुस्तीही भलत्याच ठिकाणी होते, हे किल्लारीच्या परिसरातील जुन्या भिंतींनी दाखवून दिले आहे.