जुनी मोटारसायकल सुरू का होत नाही?

आमच्या एका सहकाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांच्या काळातली बुलेट आहे. गेल्या हिवाळ्यात तिला एक विचित्र खोड लागली. सकाळी दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायची, चार-पाच किलोमीटर नीट चालायची आणि मग आचके देत बंद पडायची. मग कितीही किका मारा, उपयोग नाही. दहा-पंधरा मिनिटे झाडाखाली उभी केली की शहाण्यासारखी पुन्हा सुरू! ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार,’ असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. कार्बोरेटर दोनदा उघडला, जेट फुंकून साफ केले. खोड तशीच राहिली. कारण सापडले ते नववीच्या मुलांमुळे. त्याआधी हा कार्बोरेटर कुठून आला ते पाहू. त्याच्या इतिहासातच दोष शोधण्याची रीत दडलेली आहे.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ते त्याचे बाष्प, तेही हवेशी योग्य प्रमाणात मिसळलेले असेल तरच. हवेत बाष्पाचे प्रमाण आकारमानाने सुमारे 1.4 टक्क्यांपेक्षा कमी किंवा 7.6 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ठिणगी कितीही जोरदार असली तरी मिश्रण पेटत नाही. वजनात सांगायचे तर एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लीटर पेट्रोलमागे जवळजवळ 9,000 लीटर हवा! ही मोजणी दर मिनिटाला शेकडो वेळा अचूक करणे हे कार्बोरेटरचे काम.

जर्मनीत कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी 1885 मध्ये लाकडी सांगाड्याची एक दुचाकी तयार केली. पेट्रोल इंजिनाची पहिली मोटारसायकल म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिला आजच्यासारखा प्लग नव्हता. ज्योतीने लाल केलेली एक नळी सिलिंडरातले मिश्रण पेटवी. ही नळी बैठकीच्या खालीच असल्याने पहिल्या फेरीत बैठकच पेटली, अशी गोष्ट सांगतात. त्या काळचे कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलची डबीच असे. तिच्यातल्या पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा आतून हवा जाई आणि जाताना बाष्प घेऊन जाई.

कल्पना सोपी, पण फसवी. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतले हलके घटक आधी उडून जातात, जड मागे राहतात. त्यामुळे डबी अर्धी होईपर्यंत उरलेले पेट्रोल ‘आळशी’ होई. रस्त्यावर गचका बसला की बाष्प एकदम वाढे, थंडीत कमी होई. महिनोन्‌महिने उभी राहिलेली जुनी गाडी आजही सुरू व्हायला त्रास देते, त्याचे एक कारण हेच. टाकीत उरलेले असते ते शिळे, जड पेट्रोल.

रस्त्यात बंद पडलेली गाडी दुरुस्त करण्याचा जुन्यातला जुना प्रसिद्ध प्रसंग 1888 च्या ऑगस्टमधला आहे. कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्यांची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. वाटेत इंधन त्यांनी वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले, कारण पेट्रोलपंप नावाची वस्तूच नव्हती. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावायच्या पिनेने ती मोकळी केली. ही पीन वाचकांनी लक्षात ठेवावी.

खरी उडी 1893 मध्ये पडली. बुडापेस्टचे दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे मायबाख यांनी, पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर बनवला. फुलांवर तोंडाने पाणी फवारणारी एक मुलगी पाहून बांकींना ही कल्पना सुचली, असे हंगेरीत सांगतात. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, वर्गात सांगायला छान आहे. तत्त्व मात्र फार जुने: दानिएल बर्नुली यांचा ग्रंथ 1738 चा, व्हेंच्युरी यांचा निबंध 1797 चा. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो. त्या गळ्यात पेट्रोलच्या बारीक नळीचे, म्हणजे जेटचे, तोंड उघडे ठेवले की पेट्रोल वर चढते आणि त्याचा धुरळा होतो.

येथे एक भाषेची चूक सुधारायला हवी. इंजिन पेट्रोल ‘ओढून घेते’ असे आपण सहज म्हणतो. ओढणारे कोणी नसते. फ्लोटच्या डब्याला बाहेरची हवा लागते. तिचा दाब पेट्रोलला वर ढकलतो. ग्लासात एक स्ट्रॉ उभी धरावी आणि तिच्या वरच्या तोंडासमोरून दुसऱ्या स्ट्रॉने जोरात फुंकावे, फवारा उडतो. मग ग्लासाचे तोंड चिकणमातीने हवाबंद करून पुन्हा फुंकावे. थोड्याच वेळात फवारा थांबतो. हा दुसरा प्रयोग सहसा कोणी करत नाही, आणि आम्हीही केला नव्हता.

फवाऱ्यामुळे सगळे प्रश्न सुटले नाहीत. इंजिनाचा वेग वाढला की साध्या जेटमधून पेट्रोल हवेच्या तुलनेत जास्तच येऊ लागते. म्हणून सुरुवातीच्या मोटारसायकलींच्या हँडलवर दोन दांडे असत, एक मिश्रणाचा आणि दुसरा फक्त हवेचा. चढ आला, वळण आले की चालक कानाने इंजिन ऐकत दोन्ही जुळवत राही. ठिणगी लवकर की उशिरा पडावी यासाठी तिसरा दांडा. यंत्राला जे ठरवता येत नव्हते ते माणसाच्या हातावर सोपवलेले होते. पुढे सरकत्या झडपेला निमुळती सुई जोडून एकाच मुठीत हे काम आणले गेले. इंग्लंडमधल्या तीन कार्बोरेटर कंपन्या 1927 मध्ये एकत्र येऊन झालेली ‘ॲमल’ याच कामासाठी नावाजली. या नावाचा आपल्या ‘अमल’शी, म्हणजे मळ नसलेल्याशी, काही संबंध नाही. मळ हाच त्या कार्बोरेटरचा मुख्य शत्रू! मद्रासजवळ 1955 पासून बुलेट तयार होऊ लागली तेव्हा तिच्यावर हाच कार्बोरेटर होता.

त्याच्या फ्लोटच्या डब्यावर एक छोटी घुंडी असते, तिला टिकलर म्हणतात. ती दाबली की फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल नेहमीच्या पातळीच्या वर येते. थंड इंजिनात पेट्रोलचा थोडाच भाग बाष्प होतो, म्हणून पुरेसे बाष्प मिळावे यासाठी मुद्दाम जास्त पेट्रोल द्यायचे. इंजिन गरम असताना मात्र तेच केले तर मिश्रण पेटण्याच्या मर्यादेबाहेर जाते आणि प्लग भिजतो. गाडी ‘ओव्हर’ झाली म्हणतात ती अशी. मग पेट्रोलचा कॉक बंद करून, मूठ पूर्ण उघडून, चार-सहा किका माराव्या लागतात. सकाळी जे औषध, दुपारी तेच विष! निम्म्या तक्रारी येथेच संपतील.

उरलेल्या निम्म्यांत कार्बोरेटरवर विनाकारण आळ येतो. दहा किका मारूनही इंजिन दाद देत नसेल तर प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण एकतर ते फार आहे किंवा ठिणगी नाही. जुन्या बुलेटवर ठिणगीचा अंदाज ॲमीटरवरूनही येतो. चावी फिरवून किक हळूहळू दाबावी. पॉइंट मिटलेले असताना काटा उणे बाजूला झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही, तर कॉइलकडे वीजच जात नाही किंवा पॉइंटवर मळ बसला आहे. किक अडेल तेव्हा डिकॉम्प्रेशर ओढून काटा मध्यावर येईपर्यंत पिस्टन किंचित पुढे न्यायचा, डिकॉम्प्रेशर सोडायचा, किक वर आणायची आणि मग पूर्ण ताकदीने मारायची. ठिणगी वेळेआधी पडत असेल तर किक उलटी फिरून नडगीवर बसते. ते दुखणे विसरता येत नाही.

आता एक नवी अडचण आली आहे. भारताने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य 2025 मध्ये गाठले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून या मिश्रणाला हवा थोडी कमी लागते, 14.7 च्या जागी सुमारे साडेतेरा. निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेले जेट त्यामुळे अपुरे पडू शकते आणि थंड गाडी रुसते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि जुने रबर खराब करते. नव्या गाड्यांत ऑक्सिजन मोजणारा संवेदक हे सावरतो. जुन्या गाडीत तो संवेदक म्हणजे आपण.

तर आमची बुलेट. नववीच्या मुलांनी दोन आठवडे वही ठेवली: गाडी किती किलोमीटरवर बंद पडली आणि तेव्हा टाकीत पेट्रोल किती होते. वहीतून दिसले की टाकी भरलेली असेल तर गाडी एका किलोमीटरच्या आतबाहेरच थांबते, निम्मी असेल तर बरीच पुढे जाते. कचऱ्याला टाकीतली पातळी कशी कळणार? एका मुलीने विचारले, “सर, पेट्रोल खाली जातं, मग त्याच्या जागी हवा कुठून येते?”

टाकीच्या झाकणाला त्यासाठी एक बारीक छिद्र असते. धूळ आणि पॉलिश बसून ते बुजले होते. हवा आत येत नव्हती, म्हणून टाकीतला दाब घटत गेला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची उंची पंचवीस सेंटीमीटर धरली, तर पेट्रोलचा प्रवाह थांबायला दाब सुमारे 1.8 टक्के घटणे पुरेसे. टाकीत पेट्रोलच्या वर 5 लीटर हवा असेल तर हे जवळजवळ 90 मिलिलीटर पेट्रोल खर्चल्यावर घडते. लीटरला 35 किलोमीटर या हिशेबाने तीन किलोमीटर. पेट्रोलच्या बाष्पाचा दाब धरला तर आणखी थोडे पुढे. हवा 1 लीटरच असेल तर किलोमीटरभरही नाही. उभ्या गाडीत फटीफटीतून हवा झिरपे, म्हणून ती पुन्हा सुरू होई. हे गणित मुलांनी फळ्यावर करून दाखवले तेव्हा आम्ही कार्बोरेटरचे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून तिसऱ्यांदा पुसत होतो.

झाकण उघडले तसा ‘फुस्स’ आवाज झाला. छिद्र मोकळे केले ते एका बाईंच्या पदराच्या पिनेने.