पडद्यावरची पहिली तारामती : अण्णा साळुंके यांची कारकीर्द

वाराणसी : काशीच्या मणिकर्णिका घाटाला लागूनच शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधलेला हा घाट त्याच्या प्रचंड वजनामुळे खचला आणि पुढे तो नव्याने उभारावा लागला. घाटाशेजारी, पाण्याच्या कडेला कललेले रत्नेश्वराचे मंदिर आजही यात्रेकरूंच्या कुतूहलाचा विषय आहे. मणिकर्णिकेवरील चितांचा धूर या पायऱ्यांपर्यंत येतो. सत्यवचनासाठी राज्य सोडणाऱ्या राजा हरिश्चंद्राची कथा याच काशीत येऊन ठेपते. राजा पत्नी आणि पुत्राला विकतो, स्वतः स्मशानात डोंबाची चाकरी पत्करतो आणि अखेरीस मुलाचे कलेवर घेऊन आलेल्या तारामतीकडे दहनाचा कर मागतो.

हीच कथा घेऊन दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला भारतीय कथापट निर्माण केला. त्यातील तारामती म्हणजे भारतीय पडद्यावरची पहिली नायिका. ही भूमिका अण्णा साळुंके या पुरुष कलावंताने केली होती. भारतीय चित्रपटातील अभिनयाच्या इतिहासाचा प्रारंभ असा झाला.

उपाहारगृहातून पडद्यावर

फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा व अन्य यंत्रसामग्री आणली आणि दादर येथे चित्रपटाची सिद्धता सुरू केली. भांडवल, कच्ची फिल्म, प्रक्रिया अशा अनेक अडचणी त्यांनी ओलांडल्या. मात्र तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. त्यांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, कलावंतिणींच्या वस्तीतही चौकशी केली. चित्रपटात काम करणे हे त्या काळी रंगभूमीपेक्षाही हलके समजले जात होते.

अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांच्याकडे फाळके यांचे लक्ष गेले. नाजूक चण आणि हातांची ठेवण पाहून त्यांनी साळुंके यांना भूमिकेसाठी विचारले. उपाहारगृहात दरमहा १० रुपये मिळत असताना फाळके यांनी १५ रुपये देऊ केले, असे सांगितले जाते. चित्रपटासाठी निवड झालेल्या पहिल्या नायिकेचा करार असा पाच रुपयांच्या वाढीवर झाला.

दत्तात्रय दामोदर दाबके यांनी हरिश्चंद्राची, तर फाळके यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी राजपुत्राची भूमिका केली. बाह्यचित्रणासाठी मुंबईनजीकचे वांगणी गाव निवडण्यात आले. काशीचे स्मशान पडद्यावर दिसले, ते मुंबई परिसरात उभे केलेले होते. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी खुला झाला.

आवाजाविना स्त्रीभूमिका

पुरुषाने स्त्रीभूमिका करणे मराठी प्रेक्षकाला नवीन नव्हते. ‘संगीत सौभद्र’मधील भाऊराव कोल्हटकर यांची सुभद्रा लोकांच्या स्मरणात होती आणि ज्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्याच १९१३ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. मात्र रंगभूमीवरील नटाच्या हाती गाणे होते. प्रेक्षक दूर बसलेला असे आणि स्वर, पदे व भरजरी वेशभूषा यांच्या साह्याने स्त्रीत्वाचा आभास निर्माण होत असे.

मूकपटाने साळुंके यांच्याकडून आवाज काढून घेतला आणि कॅमेरा जवळ आणला. चेहरा, हात, पदराची हालचाल आणि उभे राहण्याची ढब एवढ्याच भांडवलावर त्यांना राणीचे ऐश्वर्य, दासीचे हाल आणि मातेचा शोक दाखवायचा होता. नाट्यसृष्टीतील नामवंत नट या अपरिचित माध्यमाकडे फिरकत नसताना, रंगभूमीचा वारसा नसलेल्या साळुंके यांनी ती जबाबदारी पेलली.

स्त्री कलावंतांनी चित्रपटात येण्यास फार विलंब लागला नाही. फाळके यांच्याच पुढील ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी मोहिनीची भूमिका केली. या मायलेकी भारतीय पडद्यावरील पहिल्या अभिनेत्री ठरल्या. कमलाबाई गोखले यांचे पुत्र चंद्रकांत आणि नातू विक्रम गोखले यांनी हा वारसा नाटक, चित्रपट व दूरचित्रवाणीपर्यंत नेला. तथापि, दोन स्त्रियांच्या पदार्पणाने प्रश्न सुटला नाही. पुढील काही वर्षे मूकपटांतील स्त्रीभूमिकांसाठी पुरुषांनाच बोलवावे लागत होते.

एकच नट, राम आणि सीता

साळुंके यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९१७ मधील ‘लंकादहन’. फाळके यांनी या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याकडे सोपविल्या. भारतीय चित्रपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. सीता लंकेत बंदिवान आणि राम तिच्या शोधात, अशी कथेची रचना असल्याने एकाच नटाला दोन्ही पात्रे रंगविणे शक्य झाले. गणपत शिंदे यांनी हनुमानाची भूमिका केली होती.

मुंबईतील वेस्ट एंड सिनेमात या चित्रपटाला मोठी गर्दी लोटली. पडद्यावर राम प्रकट होताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे वर्णन चित्रपट इतिहासाच्या ग्रंथांत आढळते. मद्रासमध्ये तिकीटविक्रीची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, हीदेखील त्याच चित्रपटाची आख्यायिका आहे. प्रेक्षक ज्या रामाला हात जोडत होते आणि ज्या सीतेसाठी हळहळत होते, ती दोन्ही रूपे काही वर्षांपूर्वी उपाहारगृहात राबणाऱ्या एकाच माणसाची होती.

काशीतील खंड

फाळके यांनी १९१८ मध्ये भागीदारांसह नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू केली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांना यश मिळाले; परंतु भागीदारांशी मतभेद झाल्याने ते बाहेर पडले आणि कुटुंबासह काशीला गेले. ज्या नगरीची कथा त्यांनी महाराष्ट्रात चित्रित केली होती, त्या नगरीत ते चित्रपटसंन्यास घेऊन राहिले. येथेच त्यांनी तत्कालीन रंगभूमीवर टीका करणारे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याचे जाहीर आवाहन केले होते. कालांतराने फाळके नाशिकला परतले आणि पुन्हा त्याच कंपनीसाठी चित्रपट करू लागले.

साळुंके यांच्या वाटचालीलाही याच सुमारास वळण मिळाले. ‘सत्यनारायण’ (१९२२) आणि ‘बुद्धदेव’ (१९२३) या चित्रपटांनंतर त्यांनी अभिनय थांबवून छायालेखनावर लक्ष केंद्रित केले. ज्या कॅमेऱ्यासमोर ते तारामती आणि सीता झाले होते, त्याच्या मागे उभे राहून त्यांनी मूकपटांचे युग संपेपर्यंत काम केले. अभिनेत्याने छायालेखक होणे आज विरळा वाटते. फाळके यांच्या कारखान्यात मात्र प्रत्येकाला अनेक कामे शिकावी लागत. घरच्यांसह सर्वांना तेथे एकत्र स्वयंपाक, एकत्र मुक्काम आणि एकत्र चित्रीकरण अशी शिस्त होती.

दुसरी तारामती

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. साळुंके यांची कारकीर्दही त्याच वर्षापर्यंतची आहे. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट तयार केला. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली.

मुंबईतील प्रतिष्ठित, सुशिक्षित घरातील स्त्रीने पडद्यावर येणे ही त्या काळी समाजाला धक्का देणारी घटना होती. १९१३ मध्ये फाळके यांना ज्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नव्हती, तीच भूमिका करून दुर्गा खोटे बोलपटाच्या पहिल्या पिढीतील आघाडीच्या अभिनेत्री झाल्या. दूरदर्शनवरील ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची निर्मिती. १९८३ मध्ये त्यांना मिळालेला चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाचा होता. साळुंके आणि खोटे या दोन तारामतींमधील १९ वर्षांच्या अंतरात भारतीय स्त्रीच्या पडद्यावरील प्रवेशाचा इतिहास सामावला आहे.

उरलेली काही दृश्ये

‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचा काही भाग जतन करण्यात आला असून, तो मूळ चित्रपटाचा नसून फाळके यांनी १९१७ मध्ये याच कथेवर पुन्हा केलेल्या चित्रपटाचा असल्याचे मत अभ्यासकांनी मांडले आहे. ‘लंकादहन’चेही तुकडेच शिल्लक आहेत. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या मराठी चित्रपटाने फाळके यांच्या खटाटोपाबरोबर स्त्रीवेशातील त्या नटांनाही नव्या पिढीसमोर आणले.

काशीला येणारा मराठी यात्रेकरू शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट पाहतो आणि बांधणाऱ्यांची नावे तेथील घाटांना मिळालेली असल्याने ती त्याच्या ओठी राहतात. हरिश्चंद्राच्या नावाचा घाटही या नगरीत आहे. तारामतीला पडद्यावर प्रथम चेहरा देणाऱ्या अण्णा साळुंके यांची खूण मात्र जुन्या फिल्मच्या त्या मोजक्या फुटांत आहे. त्या फिल्मचे जतन हेच त्यांचे स्मारक ठरते.