सिलोनहून देवगिरीपर्यंत

गाण्यातली आवड ही माणसाची अगदी खासगी गोष्ट, असं आपण धरून चालतो. माझ्या आवडीचा माग काढत गेलो तर वाटेत एक केंद्रीय मंत्रीच भेटले. बाळकृष्ण केसकर. १९५२ मध्ये ते माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि सरकारी रेडिओवरची चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, ही त्यांची तळमळ खरी होती. लोकांनी मात्र काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीला अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथून सुरू झाली. सरकारला उमगायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' आली.

माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, तरी सिलोन आमच्या घरात मुक्कामाला होतंच. बुधवारी रात्री आठ वाजता औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) आमच्या गल्लीत शॉर्टवेव्हची खरखर सुरू व्हायची. समुद्रापलीकडचा सूर आधी आला, घराजवळचा नंतर. पुढेही असंच होत गेलं. अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी आमच्याच शहराचे. पण त्यांची गझल माझ्यापर्यंत पोचली ती पाकिस्तानच्या आबिदा परवीन यांच्या गळ्यातून.

कॉलेजात मंडळींनी माझी आवड परस्पर ठरवून टाकली होती. मुसलमान, त्यात कविता लिहिणारा, म्हणजे गझल आणि कव्वाली! इकडे मोहल्ल्यातले काही बुजुर्ग म्हणत, गाणंबजावणंच मुळी नको. दोन्हीकडून कान धरलेले. त्या दिवसांत मी पंचवीसेक किलोमीटरवरच्या खुलताबादला जाऊ लागलो.

तिथं रस्त्याच्या एका बाजूला, शेख झैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात, औरंगजेबाची साधी उघडी कबर आहे. रस्त्यापलीकडे झैनुद्दीनांचे गुरू बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य दख्खनेत आले आणि १३३७ मध्ये इथंच वारले. 'समा', म्हणजे ईश्वरस्मरणात गाणं ऐकणं, त्यांना फार प्रिय. त्यांच्या शिष्यांची त्या तंद्रीत नाचण्याची एक खास रीत होती, तिला 'बुऱ्हानी' हे नावच पडलं. म्हणजे बुजुर्गांशी वाद घालायला मला लांब जायची गरज नव्हती.

समोरच्या बादशहाबद्दल आपण काय ऐकलेलं असतं? कलावंतांनी संगीताची प्रेतयात्रा काढली आणि त्यानं ते खोल पुरायला सांगितलं. इटालियन प्रवासी मनुचीनं सांगितलेली ही गोष्ट. कॅथरीन स्कोफिल्ड या अभ्यासिकेनं २००७ मध्ये या कथांची छाननी केली. बादशहानं स्वतः गाणं ऐकणं सोडलं, पण राज्यभर बंदी घातल्याचा पुरावा टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. फकीरुल्लाहचा 'रागदर्पण' हा संगीतावरचा फारसी ग्रंथ औरंगजेबाच्याच राजवटीतला. मला काही बादशहाची वकिली करायची नाही. मला एवढंच दिसतं, की ज्यानं स्वतः गाणं सोडलं तो समाच्या दारासमोर झोपला आहे.

भीमसेन जोशींचे अभंग रेडिओमुळे लहानपणापासून कानावर पडत होते. ते ऐकू आले तिशीत. आणि मग त्या आवाजाचं गोत्र शोधण्याचा नाद लागला. भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या. आवाज बारीक, पण सुरावर असा स्थिर, की आपण श्वास घ्यायला विसरावं. १९३७ मध्ये ते गेले. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं अजून गवयी हजेरी लावतात. आणि केसकरसाहेब काय म्हणत? मुसलमान गवयांच्या हाती हे संगीत बिघडलं, त्यातला अध्यात्माचा अंश गेला. विठ्ठलाला आळवणारा भीमसेनांचा स्वर लागतो, त्यात मला मिरजेचे खाँसाहेब ऐकू येतात, तेव्हा या मंत्रिमहोदयांची हटकून आठवण होते. त्यांनी रेडिओवर शास्त्रीय संगीताला जागा करून दिली, हे उपकार आहेतच. पण कुणाचं काय आणि कुणी बिघडवलं याचा हिशेब त्यांच्या वहीत मला पटलेला नाही.

पन्नाशीनंतर मी आणखी जवळ आलो. खुलताबादच्या वाटेवरच देवगिरीचा किल्ला लागतो. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा हिशेबखात्याचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. सरकारी हिशेब सांभाळून या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, ज्याला हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्हीकडचे लोक आपला मानतात. अध्याय सात. संस्कृत मला येत नाही, भाषांतर हाताशी धरून रेटतो आहे. सध्या पाचव्या, तालाच्या अध्यायाशी अडलोय. पुढे वाद्यं आहेत, आणि मग नाच.