जो बर्फ क्वचितच पूर्ण वितळायचा, तो आता पुन्हा पुन्हा का वितळतोय? स्कॉटलंडच्या 'स्फिंक्स'ची गोष्ट

थंडीचा कडाका वाढला की महाबळेश्वरच्या वेण्णा लेक परिसरातले फोटो व्हायरल होतात. गवतावर, गाड्यांच्या टपावर गोठलेल्या दवबिंदूंचा पांढरा थर दिसतो. पण ऊन चढलं की तासाभरात सगळं गायब.

आता याच्या अगदी उलट चित्र बघा. स्कॉटलंडच्या डोंगरात हिवाळ्यात पडलेला बर्फ काही ठिकाणी मे, जुलै, अगदी सप्टेंबरपर्यंत टिकून असतो. आजूबाजूला हिरवं गवत आणि मध्येच पांढरा डाग. यातला सगळ्यात चिवट डाग म्हणजे 'स्फिंक्स'. उपलब्ध नोंदींनुसार विसाव्या शतकात तो फक्त तीनदा पूर्ण वितळला. या शतकात मात्र २०२३ पर्यंतच तो सात वेळा नाहीसा झालाय.

स्फिंक्स नेमका आहे कुठे?

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स पर्वतरांगेत ब्रेरियाक नावाचं शिखर आहे. उंची १,२९६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) बरंच कमी. तरीही ते ब्रिटनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर आहे. त्याच्या कुशीत 'गार्व कोरी मोर' नावाचं वाडग्यासारखं खोलगट खोरं आहे. स्थानिक गेलिक भाषेत या नावाचा अर्थ 'मोठं खडबडीत खोरं' असा होतो.

याच खोऱ्यात स्फिंक्स आहे. त्याच्या वर कड्यावर गिर्यारोहकांची एक चढाईची वाट आहे, तिचं नाव स्फिंक्स. त्यावरून या बर्फालाही तेच नाव पडलं.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. स्फिंक्स ही हिमनदी नाही. हिमनदीतला बर्फ स्वतःच्या वजनाने हळूहळू पुढे सरकतो. स्फिंक्स जागचा हलत नाही, तो फक्त साठलेला बर्फ आहे. स्कॉटलंडमध्ये आज एकही हिमनदी नाही.

बर्फ तिथेच का साठतो?

पहिलं कारण वारा. ब्रेरियाकच्या माथ्यावर मोठं सपाट पठार आहे. तिथे पडलेला भुसभुशीत बर्फ नैऋत्येकडून येणारा जोरदार वारा उडवून नेतो आणि पलीकडच्या खोऱ्यात टाकतो. अंगणातला पालापाचोळा वाऱ्याने एका कोपऱ्यात जमावा, तसंच. म्हणजे एका जागी प्रत्यक्षात पडला त्याच्या कितीतरी पट बर्फ साठतो.

दुसरं कारण सावली. या खोऱ्याचं तोंड साधारण ईशान्येला आहे आणि मागे उंच कडे आहेत. त्यामुळे दुपारचं कडक ऊन तिथे पोहोचतच नाही.

पण उन्हाळ्यात तो टिकतो कसा?

मासळी बाजारात आलेली बर्फाची लादी आठवा. लादी अख्खी असेल तर बराच वेळ टिकते, फोडून चुरा केला की लगेच पाणी होतं. बर्फ तेवढाच, पण चुऱ्याला चहूबाजूंनी हवा लागते. डोंगरातही हेच होतं. पातळ थर पटकन संपतो, खोल ढीग मात्र टिकतो.

शिवाय हा बर्फ घट्ट झालेला असतो. एक घनमीटर ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन साधारण १०० किलो असतं. काही महिने दबून, थोडा वितळून पुन्हा गोठलेला बर्फ ५०० किलोच्या पुढे जातो.

त्यात बर्फ वितळवायला प्रचंड उष्णता लागते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापतं. आणि ताजा बर्फ उन्हातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. जुना, धूळ बसलेला बर्फ त्याहून जास्त उष्णता शोषतो.

उन्हापेक्षा दमट वारा वाईट

बर्फाचा शत्रू फक्त ऊन नाही. कोमट आणि दमट वारा त्याला झपाट्याने खातो.

थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होते आणि होताना उष्णता सोडते. बर्फावर एक ग्रॅम वाफेचं असं पाणी झालं, तर त्यातून सुटणाऱ्या उष्णतेत सुमारे साडेसात ग्रॅम बर्फ वितळू शकतो. म्हणून ढगाळ, वाऱ्याचे, कोमट दिवस स्फिंक्सला महागात पडतात.

हिशोब कोण ठेवतं?

केर्नगॉर्म्सचे गाढे अभ्यासक अ‍ॅडम वॉटसन यांनी अनेक दशकं या बर्फाच्या नोंदी ठेवल्या. त्यांचं २०१९ मध्ये निधन झालं. त्यांच्यासोबत काम केलेले इयन कॅमेरॉन हे काम पुढे चालवत आहेत. गिर्यारोहक आणि हौशी मंडळी फोटो पाठवतात आणि दरवर्षी कोणता बर्फ टिकला, कोणता गेला याची यादी तयार होते.

या नोंदी सांगतात की स्फिंक्स १९३३, १९५९ आणि १९९६ मध्ये पूर्ण वितळला. मग २००३, २००६, २०१७, २०१८ आणि त्यानंतर २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं. आधी दोन घटनांमध्ये २६ आणि ३७ वर्षांचं अंतर होतं. आता अंतरच उरलेलं नाही.

याचा अर्थ प्रत्येक वर्ष आधीपेक्षा वाईट असतं, असं नाही. २०१५ मध्ये वसंत ऋतू थंड गेला आणि नवा हिवाळा येईपर्यंत स्कॉटलंडमध्ये सत्तरहून अधिक ठिकाणी जुना बर्फ टिकून होता. एखादं वर्ष बर्फाला साथ देतं. पण हवामान तापत असल्याने अशी साथ देणारी वर्षं कमी होत चालली आहेत.

एक डाग गेला तर काय बिघडतं?

बर्फ उशिरापर्यंत राहतो त्या जागी खास शेवाळवर्गीय वनस्पती वाढतात. तिथे वाढीला फार थोडे दिवस मिळतात, त्यामुळे गवताचं काही चालत नाही. बर्फ लवकर जाऊ लागला की गवताला वाट मिळते आणि या वनस्पतींची जागा जाते.

हिमालयात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं

पुण्या-मुंबईहून दर मे-जूनमध्ये अनेकजण हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमध्ये ट्रेकला जातात. तिथे ओढ्यांवर साठलेल्या जुन्या बर्फाचे नैसर्गिक पूल लागतात. वरून ते भक्कम दिसतात, पण खालून वाहतं पाणी त्यांना पोखरत असतं. बाहेरून जाडी कळत नाही.

• गाईडने दाखवलेल्या वाटेनेच बर्फ ओलांडा. पहाटे तो घट्ट असतो, दुपारी मऊ पडतो.
• पायाखाली पाण्याचा आवाज आला, भेग किंवा खळगा दिसला तर तिथेच थांबा.
• बर्फाच्या कडेवर उभं राहू नका. कडा सगळ्यात पातळ असते.
• बर्फाच्या गुहेत किंवा कमानीखाली फोटोसाठी जाऊ नका. ती कधीही कोसळू शकते.

महाबळेश्वरचं हिम डोळ्यांदेखत विरतं, म्हणून ते जाताना दिसतं. साठलेला बर्फ मात्र आतून आणि खालून संपत जातो. रीलमध्ये तो कितीही पक्का दिसला, तरी पाय टाकण्याआधी एवढं आठवा.