पायगेची जमीन आणि जत्रेतला घोडा

कलबुर्गी जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, आळंद नावाचे तालुक्याचे गाव आहे. कानडी, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा तेथील बाजारात शेजारी शेजारी नांदतात. आजच्या आळंदात घोडा पाहावयाचा तर लग्नाच्या वरातीची वाट पाहावी लागेल. परंतु साडेपाचशे वर्षांपूर्वी याच गावी हिंदुस्थानातील घोड्यांचा एक मोठा बाजार भरत असे. बहमनी राज्यात फिरून गेलेल्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने तो आपल्या प्रवासवृत्तांतात नमूद करून ठेवला आहे. वर्षातून एकदा, एका अवलियाच्या स्मृतिस्थानी, दहा दिवस यात्रा भरे. दूरदूरचे लोक व्यापारासाठी जमत. आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकले जात, असे तो म्हणतो. आकड्यात अतिशयोक्ती असेलही. पण बाजाराचे मोठेपण त्यातून लपत नाही.

निकितीन स्वतः घोडेवाला होता. १४७० च्या आगेमागे तो चौलच्या बंदरात उतरला, तो एक घोडा बरोबर घेऊनच. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे बजावले. खुरासानच्या एका सज्जनाने रदबदली केली, म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे बीदरला त्याने तो विकला. परंतु वर्षभर चारा-चंदी घालण्यातच बराच पैसा खर्ची पडला, ही त्याची खंत कागदावर उमटली आहे. या देशात घोडे निपजत नाहीत, असेही तो लिहितो. म्हणजे बीदरच्या किल्ल्याखाली जो घोडा मिरवत होता, तो समुद्रावरून आलेला पाहुणा होता.

पाहुण्याचा पुढे घरधनी झाला. अरबी आणि तुर्की रक्त दख्खनच्या काटक तट्टांत मिसळत गेले. भीमेच्या दोन्ही काठांवर, कोरड्या हवेत, कडब्यावर आणि मूठभर हरभऱ्यावर एक नवी जात पोसली गेली. भीमा पुण्याच्या डोंगरात उगम पावून सोलापुरावरून कलबुर्गी जिल्ह्यात उतरते आणि रायचुराच्या बाजूला कृष्णेस मिळते. तिच्या नावावरून या घोड्यांना ‘भीमथडी’ म्हणू लागले. उंचीने बेताची, हाडाने पक्की, दगडधोंड्यांत न ठेचाळणारी ही तट्टे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत उत्तरेपर्यंत गेली. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यावे, ही म्हणण्याची रीत त्यातूनच मराठीत रूढ झाली.

ही जात कोण्या राजाच्या एकाच पागेत वाढली नाही. तिच्या मागे एक व्यवस्था होती. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराची अब्रू त्याच्या घोड्यावर अवलंबून असे, म्हणून चांगली घोडी बाळगणे हे त्याचे स्वतःचे हित होते. त्याच्या घरी शिंगरू निपजे, ते वाढे आणि जत्रेत जाऊन त्याची पारख होई.

बीदर आणि गुलबर्गा भागात तर घोड्याचे नाव थेट जमिनीलाच लागले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबादच्या निजाम अली खानाने आपल्या एका विश्वासू सरदारास खास घोडदळ बाळगण्यासाठी मोठा मुलूख तोडून दिला. त्या घराण्याचे नाव ‘पायगा’. पायगा म्हणजे आपल्या मराठीतली पागाच. बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा आणि गुलबर्गा जिल्ह्यातील आळंद हे भाग पुढे या पायगा जहागिरींत मोडू लागले. ज्या आळंदात एकेकाळी हजारो घोडे विकले गेले, ते गाव घोड्यांच्या खर्चासाठी तोडून दिलेल्या मुलखात यावे, हा इतिहासाचा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

इंग्रजी अमलाच्या काळात हैदराबाद संस्थान नावाला स्वतंत्र राहिले; पण त्याचे लष्करी बळ इंग्रजांच्या हाती गेले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा वसूल इंग्रजांकडे गेला आणि त्यातून ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज पोसली जाऊ लागली. तिच्या घोडदळाच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होत्या. पायगांचे स्वार हळूहळू मिरवणुकीपुरते उरले. तरी कंटिन्जंटमध्ये शिलेदारी पद्धत टिकून होती. स्वाराने घोड्याची किंमत भरावयाची, पगारातून त्यास खाऊ घालावयाचे, आणि दर महिन्यास थोडा ‘चंदा’ रेजिमेंटच्या निधीत टाकावयाचा. घोडा मेला तर दुसरा त्या निधीतून घ्यावयाचा. हा एक प्रकारचा घोड्यांचा विमाच होता.

या छावण्यांबरोबरच खेळांचे नवे दिवस आले. नेजाबाजी, म्हणजे भरधाव घोड्यावरून जमिनीतील मेख भाल्याच्या टोकाने उपटणे, तलवारीने लिंबू कापणे, रस्सीखेच, कुस्ती, शर्यती अशा कार्यक्रमांनी पलटणींचे क्रीडादिन साजरे होत. तिकडे राजधानीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीत, १८८६ साली, मलकपेठच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. छावणीतल्या खेळात स्वार आणि घोडा यांची जोडी पाहिली जाई; शर्यतीच्या मैदानावर पैज लावणारा घोड्यास केवळ नावाने ओळखे. एकच जनावर, पण दोन्हीकडे पाहणाऱ्यांची नजर वेगळी होती.

तिसरी नजर होती जत्रेची. आजच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही या साऱ्या टापूची घोड्यांची पेठ होय. मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस ती भरते. खंडोबा हा मुळात घोड्यावर बसणारा देव. बीदरजवळ भालकी तालुक्यातील खानापूरला तोच मैलार म्हणून पुजला जातो. मराठी आणि कानडी मुलखांना जोडणाऱ्या या दैवताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरावा, हे स्वाभाविकच होते. निजामी अमलात लष्करासाठी घोडे घेणारेही माळेगावी येत. गिऱ्हाईक प्रथम दात पाहून वय ठरवी. मग अंगावरचे भोवरे; छातीवर देवमण असला तर भाव चढे, अशुभ ठिकाणी भोवरा निघाला तर उत्तम घोडाही अडून राही. मग चाबूकस्वार चाल दाखवी. दुडकी किती सरळ आहे, रवाळ चालीत स्वाराच्या पोटातले पाणी हलते की नाही, याची चर्चा चाले. आणि शेजारच्या फडावर कुस्त्यांची दंगल. नारळापासून सुरू होऊन मानाच्या इनामापर्यंत. गावोगावच्या तालमींचा आणि गावोगावच्या घोड्यांचा तो एकच परीक्षेचा दिवस असे.

इंग्रज सरकारची चौथी नजर मोजपट्टीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने घोड्यांच्या पैदाशीची मोठी केंद्रे चालविली. पुणे जिल्ह्यात शिरूरनजीक आळेगाव येथेही तसे केंद्र होते. खर्च भारी आणि फळ थोडे, असा अनुभव आल्यावर १८७६ च्या सुमारास धोरण बदलले. सरकारी घोड्या पोसण्याऐवजी पैदाशीचे निवडक घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवावयाचे, रयतेच्या पसंत पडलेल्या घोड्या त्यांना दाखवावयाच्या आणि प्रदर्शने भरवून उत्तम शिंगरांस बक्षिसे द्यावयाची, असे ठरले. विलायती शर्यती घोडे, नॉरफोक जातीचे दुडकीचे घोडे आणि अरबी घोडे त्यासाठी आणले गेले. निजाम सरकारनेही तोच कित्ता गिरवून आपल्या जिल्ह्यांत अरबी वळू घोडे ठेवले. १९०३ साली हे काम लष्कराच्या रिमाउंट खात्याकडे गेले. पंजाबात तर कालव्याखालील नवी जमीन घोडी पाळण्याच्या अटीवर देण्यात आली. पायगेचेच सूत्र, पण नव्या कागदावर.

या योजनांत उणे काय होते? हेतूत खोट नव्हती. पण लष्कराला हवा होता चौदा मुठींहून उंच, जड स्वार आणि जड सामान वाहणारा घोडा. भीमथडीचे तट्टू त्या मापात बसत नव्हते. त्याची काटकता, त्याचा थोडा खुराक, त्याची खडकावरची पावले यांस तक्त्यात रकाना नव्हता. बक्षीस मिळे ते संकरित शिंगरास. शेतकऱ्याने उंच शिंगरू वाढविले, तर त्याची चंदी परवडत नसे. आणि लष्कराने नाकारले, तर ते गावात कोणी घेत नसे. तोवर मुंबईच्या बंदरात अरबी घोडे आणि ऑस्ट्रेलियाचे ‘वेलर’ जहाजांनी उतरत होते आणि पलटणी तेच पसंत करू लागल्या होत्या. निकितीनच्या काळी घोडा समुद्रावरून येत होता. चारशे वर्षांनी पुन्हा तसाच येऊ लागला.

१९०३ साली कंटिन्जंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली आणि तिचे काही रिसाले ‘डेक्कन हॉर्स’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर, हायवूडजवळ, विसाव्या डेक्कन हॉर्सने भाले सरसावून हल्ला चढविला. मशीनगनच्या युगात तो हल्ला म्हणजे जुन्या जगाचा निरोप होता. १९२१ मध्ये शिलेदारी पद्धतच संपली. घोडा सरकारचा झाला आणि स्वार केवळ पगारी. पुढे त्या रेजिमेंटला रणगाडे मिळाले. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत तीच डेक्कन हॉर्स रणगाड्यांनिशी झुंजली. नावात घोडा राहिला, तबेल्यात मात्र उरला नाही. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या तेव्हा पायगेची जमीनही नावापुरती घोड्याची उरली नाही. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात, तर भालकी, हुमनाबाद, औराद दुसऱ्या राज्यात गेले.

मग घोडा संपला काय? लष्कराने, जहागिरदाराने आणि सरकारी प्रदर्शनाने सोडून दिलेले हे तट्टू एका समाजाने सोडले नाही. मेंढरे घेऊन पावसाळा संपताच रानोमाळ निघणारे धनगर आजही आपला संसार भीमथडीच्या पाठीवर लादतात. खोगीर नाही, भाला नाही. पाठीवर घोंगडी, भांडी, कोंबड्या आणि कधी एखादे लेकरू. २०२३–२४ साली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा या अबोल राखणदारीवरच शासकीय शिक्का उमटला.

यातून बोध एकच. पैदास केवळ उत्तम वळूने साधत नाही. जनावर टिकते ते त्याचा उपयोग ज्याला रोज आहे अशा माणसाच्या दारी, आणि त्याची पारख करणाऱ्या लोकांच्या मेळ्यात. शिलेदाराचे दार बंद झाले, तेव्हा धनगराने आपल्या पालाशेजारी त्याला बांधून घेतले. आणि माळेगावच्या माळावर आजही मार्गशीर्षात घोडे येतात, दात पाहिले जातात, भोवरे मोजले जातात, आणि पलीकडच्या फडावर शड्डू ठोकले जातात. आळंदचा बाजार ग्रंथात गेला. हा अद्याप माळावर आहे.